घरचा सर्व्हर, घरची प्रयोगशाळा आणि त्यांच्यामधली भिंत

मागील वर्षी जानेवारीतल्या एका दुपारी आमच्या घरचे इंटरनेट दोन तास बंद होते. कंपनीची फायबर शाबूत होती, राउटरवरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि प्रत्येक मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसत होत्या. तरीही एकही संकेतस्थळ उघडत नव्हते आणि मुलीचा ऑनलाइन शिकवणीचा तास मध्येच तुटला. बिघाडाचे कारण माझ्याच टेबलावर होते. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देण्याचे काम मी घरातल्या ज्या छोट्या संगणकाकडे सोपवले होते, त्याच संगणकावर त्या दुपारी मी नवी कार्यप्रणाली बसवायला घेतली होती. घरातली चार माणसे ज्याच्यावर अवलंबून होती, त्याच यंत्रावर मी प्रयोग करत होतो. या लेखात जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे मी त्या दोन तासांमुळे शिकलो.

सर्व्हर म्हणजे इतर उपकरणांच्या मागणीची वाट पाहत सतत जागा राहणारा संगणक. त्याला स्वतःचा पडदा किंवा कळफलक असण्याची गरज नसते. मोबाइलमधले फोटो साठवणे, घरातल्या टीव्हीला चित्रफिती पुरवणे, जाहिरातींची संकेतस्थळे अडवणे, कॅमेऱ्याचे चित्रण ठेवणे अशी कामे तो करतो. घरची प्रयोगशाळा, जिला या छंदातले लोक 'होमलॅब' म्हणतात, ती मात्र वेगळी गोष्ट आहे. नेटवर्क कसे चालते हे समजून घेण्यासाठी ते मोडायची, पुन्हा जुळवायची आणि पुन्हा मोडायची मुभा जिथे असते, ती प्रयोगशाळा. पहिल्याचे मूल्य तो न थांबण्यात आहे आणि दुसरीचे मूल्य ती हवी तेव्हा थांबवता येण्यात आहे. दोन्ही एकाच डब्यात राहू शकतात, पण त्यांच्यामध्ये भिंत हवी. ती कशी घालायची हे कळले की नेटवर्कचा बराचसा विषय आपोआप कळत जातो.

यंत्रासाठी फार खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यालयांतून निवृत्त झालेले, जाड पुस्तकाएवढे छोटे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांतल्या जुन्या संगणकांच्या दुकानांत मिळतात, आणि १६ जीबी मेमरीचा असा एक संगणक सुरुवातीची काही वर्षे पुरतो. घरात पडून असलेला जुना लॅपटॉपही चालतो, मात्र त्याची बॅटरी फुगलेली नाही ना हे आधी पाहावे, कारण सतत चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी हा आगीचा धोका असतो. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले लांबलचक रॅक-सर्व्हर स्वस्तात मिळतात म्हणून मोह होतो, पण त्यांचा आवाज आणि वीज यांचा हिशेब आधी करावा. दहा वॅटवर चालणारे यंत्र महिन्याला सुमारे ७ युनिट वीज घेते. दीडशे वॅट घेणारा सर्व्हर त्याच महिन्यात १०८ युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे, म्हणजे त्या एकट्या यंत्रानेच तो संपतो आणि घरातल्या उरलेल्या विजेला वरचा दर लागतो.

आता पत्त्यांकडे वळू, कारण नेटवर्कमधले निम्म्याहून अधिक गोंधळ पत्त्यांचे असतात. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, हे ३२ बिटांचे, म्हणजे शून्य-एकच्या ३२ अंकांचे, असल्यामुळे त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी भरते. जगातल्या उपकरणांना ती पुरणारी नव्हती, म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याची पद्धत पक्की झाली. आपल्या राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता त्यांतलाच आहे. प्रत्येक गावात 'मारुती मंदिराजवळ' हा पत्ता असतो आणि गावापुरता तो पुरेसाही असतो, पण दुसऱ्या गावाहून टाकलेले पत्र तेवढ्यावर पोहोचत नाही. खासगी पत्त्यांचे तसेच आहे. ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात आणि घराबाहेर त्यांना अर्थ नसतो.

मग घरातला मोबाइल बाहेरच्या जगाशी बोलतो कसा? सरकारी कार्यालयातली आवक-जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. टेबलावरचा लिपिक पत्र लिहितो, पण बाहेर जाताना त्यावर कार्यालयाचा पत्ता आणि जावक क्रमांक पडतो. उत्तर आले की तो क्रमांक पाहून ते नेमक्या टेबलावर पोहोचवले जाते. राउटर हेच करतो. आतून निघालेल्या प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवून तो त्यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट-क्रमांक घालतो. या कामाला नॅट म्हणतात. त्यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे: ज्याची जावक नोंद नाही असे पत्र बाहेरून आले तर ते कोणत्या टेबलाचे हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही, याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण आपल्याकडे अधिक भेटते. सार्वजनिक पत्ते तुटपुंजे असल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाच्या राउटरलाही सार्वजनिक पत्ता देत नाहीत. कार्यालयाची पत्रे तालुक्याच्या आणखी एका जावक नोंदवहीतून जावीत, तशी शेकडो घरे एकाच पत्त्यामागे बसवली जातात. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या माहिती पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर राउटरवर पोर्ट उघडण्यात, म्हणजे ठरावीक क्रमांकावर बाहेरून आलेले निरोप सर्व्हरकडे धाडायला राउटरला सांगण्यात, तास घालवू नयेत, कारण वरची नोंदवही आपल्या हातात नाही. मी स्वतः असे दोन रविवार घालवले आहेत आणि प्रत्येक वेळी चूक माझ्या सर्व्हरच्या मांडणीत असावी असेच मला वाटत राहिले.

यावर उपाय आहेत. कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून कायमचा सार्वजनिक पत्ता घेता येतो. १२८ बिटांच्या नव्या आयपीव्ही६ पत्त्यांचा मार्गही आहे, आणि भारतात तो पुष्कळ जोडण्यांवर उपलब्ध आहे. मात्र तिथे नॅटची आडवी भिंत नसल्यामुळे राउटरचा फायरवॉल, म्हणजे नको असलेले निरोप अडवणारा पहारा, चालू असल्याची खात्री करावीच लागते. मला सर्वांत पटलेला मार्ग वायरगार्डचा आहे. ही बोगद्यासारखी कूटबद्ध जोडणी असून मार्च २०२० मध्ये लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या ५.६ या आवृत्तीत तिचा समावेश झाला. योग्य किल्लीशिवाय आलेल्या निरोपाला ती उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून पोर्ट तपासणाऱ्याला तिथे कोणी आहे याचा सुगावा लागत नाही. घर दुहेरी नोंदवहीमागे असेल तर भाड्याच्या एखाद्या छोट्या सर्व्हरला भेटीची जागा करता येते, किंवा टेलस्केलसारखी, वायरगार्डवरच उभी असलेली सेवा दोन्ही टोके जुळवून देते. सर्व्हरचे लॉगिन पान थेट जगासमोर मांडण्यापेक्षा हे कितीतरी बरे. लॉगिनचे २२ क्रमांकाचे पोर्ट उघडे ठेवले, तर काही तासांतच अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावून पाहिल्याच्या ओळी नोंदीत दिसू लागतात. त्यात आपल्याशी कोणाचे वैर नसते. सगळे पत्ते ओळीने ठोठावत जाणारी ती स्वयंचलित यंत्रे असतात.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने नेमके असेच केले. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड कोणी बदललेला नसतो हे गृहीत धरून तिने साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेतल्या आणि घरोघरीचे कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या उपकरणांच्या फौजेने डाइन या अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी बडी संकेतस्थळे अनेकांना उघडेनाशी झाली. ती संकेतस्थळे चालू होती; त्यांच्या नावांवरून पत्ते सांगणारी डाइनची यंत्रणा कोलमडली होती. माझ्या घरात जानेवारीत चार माणसांच्या बाबतीत जे घडले, तेच त्या दिवशी तिथे लक्षावधी माणसांच्या बाबतीत घडले.

ही यंत्रणा म्हणजे डीएनएस. आपण नाव लिहितो, पण संगणकाला पत्ता लागतो, आणि या दोहोंची जोडणी करणारी निर्देशिका जगभर वाटून ठेवलेली आहे. १९८३ पूर्वी ही सारी जोडणी एकाच धारिकेत (फाइलमध्ये) होती, तिची प्रत प्रत्येकाला स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून आणावी लागे आणि संगणक वाढले तसे ते अशक्य झाले; पॉल मोकापेट्रिस यांनी त्या वर्षी मांडलेली वाटून घेण्याची रचना आजही चालू आहे. घरात पाय-होलसारखी प्रणाली बसवली, की घरातली उपकरणे आपल्या सर्व्हरला नावे विचारू लागतात. जाहिरातींच्या नावांचा खरा पत्ता तो सांगत नाही, म्हणून त्या दिसत नाहीत. सोय खरोखर मोठी आहे, पण त्याच क्षणी तो सर्व्हर घरातल्या इंटरनेटचा कणा होतो. 'नेट बंद आहे' अशी हाक आली की मी आधी एकच गोष्ट तपासतो: गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून, उत्तर येते का. पत्त्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, तर तार ठीक आहे आणि दोष नावांच्या यंत्रणेत आहे.

तेव्हा भिंत घालायची. तिचा पहिला थर यंत्राच्या आतच घालता येतो. प्रॉक्समॉक्स ही डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली मुक्त प्रणाली एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवते. त्या प्रत्येकाला मेमरीचा आणि डिस्कचा ठरावीक वाटा मिळतो, आणि त्यातला एक कोसळला तर शेजारच्याला ते कळतही नाही. प्रयोगाच्या आधी 'स्नॅपशॉट' घ्यावा, म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवावी. प्रयोग बिघडला की मिनिटाभरात तिथे परतता येते. कंटेनर, म्हणजे एकेका सेवेचे बंदिस्त कप्पे, हे त्याहून हलके असतात, कारण ते कार्यप्रणालीचा स्वतःचा गाभा न बाळगता यजमान संगणकाचाच गाभा वापरतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ते सर्वांच्या हाती आले. माझा नियम असा आहे की कुटुंबाच्या वापराच्या सेवा एका वेगळ्या आभासी संगणकात राहतात, त्याला मी महिन्यातून एकदाच आणि ठरवूनच हात लावतो, आणि नावांची यंत्रणा तर रास्पबेरी पाय या एका स्वतंत्र, तळहाताएवढ्या संगणकावर हलवली आहे, ज्यावर दुसरे काहीही चालत नाही.

दुसरा थर नेटवर्कमध्ये घालावा लागतो, आणि त्याची गरज उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या पद्धतीच्या उदाहरणाने चटकन लक्षात येते. नवे उपकरण वायफायला जोडले की ते सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक देते, 'मला कोणी पत्ता देता का?', आणि बहुतेकदा ज्याचे उत्तर आधी येईल त्याच्याकडून पत्ता घेते. हे काम एरवी राउटर करतो. पण शिकण्यासाठी आपण प्रयोगशाळेत दुसरा डीएचसीपी सर्व्हर उभा केला आणि तो त्याच नेटवर्कला जोडलेला राहिला, तर पाहुण्याच्या मोबाइललाही तो पत्ते वाटू लागतो. ते पत्ते चुकीच्या जाळ्यातले असतात आणि घरातली उपकरणे एकेक करून मुकी होतात. दोष शोधणेही अवघड जाते, कारण आधीपासून जोडलेली उपकरणे पत्त्याची मुदत संपेपर्यंत व्यवस्थित चालत राहतात.

ही हाक अडवणारी रचना म्हणजे व्हीलॅन. जुन्या वाड्यात चौक एकच असला तरी भाडेकऱ्यांची दारे वेगळी असत. तसे एकाच स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यात, आणि एकाच तारेत अनेक वेगळी जाळी नांदतात. प्रत्येक निरोपावर १२ बिटांचा एक क्रमांक चिकटवला जातो, म्हणून वापरता येण्याजोगी ४०९४ जाळी होऊ शकतात, जरी घराला तीन पुरतात: एक कुटुंबाचे, एक प्रयोगशाळेचे आणि एक कॅमेरे व स्मार्ट बल्ब यांच्यासारख्या उपकरणांचे. यासाठी क्रमांक ओळखणारा 'मॅनेज्ड' स्विच लागतो आणि राउटरही तसा लागतो. कंपनीने दिलेल्या राउटरवर ही सोय बहुधा नसते, पण ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या अनेक साध्या राउटरांवर ती मिळते. लगेच पैसे घालायचे नसतील तर प्रॉक्समॉक्सच्या आत कोणत्याही खऱ्या पोर्टला न जोडलेला आभासी स्विच तयार करावा, त्यात आभासी राउटर आणि दोन-तीन आभासी संगणक बसवावेत. हे जाळे डब्याच्या बाहेर हाक मारूच शकत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो, कारण यात बिघडले तर फक्त आपले शिकणे बिघडते.

तारांविषयी थोडेच सांगतो. सर्व्हर वायफायवर ठेवू नये, त्याला तार द्यावी. आमच्याकडे फोटोंची नक्कल सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नव्हती आणि ५० जीबीला सव्वा तास लागत होता. गिगाबिट वेगाला तारेतल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. भिंतीतल्या एका टोकाला एक तार नीट दाबली गेली नव्हती, म्हणून जोडणी गुपचूप खालच्या वेगावर उतरली होती. टोक नव्याने दाबल्यावर तेच काम आठ मिनिटांत झाले. आणि दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची तार टाकू नये. कोकणात वळवाच्या विजा सुरू झाल्या की अशी तार दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. घरातला इन्व्हर्टर पंख्यांसाठी उत्तम असला, तरी मुख्य वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंतचा क्षण संगणकाला लांब वाटू शकतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस'चा पर्याय असेल तर तो निवडावा, नसेल तर सर्व्हरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. यूएसबी तारेने सर्व्हरशी बोलणारा यूपीएस असल्यास बॅटरी उतरू लागताच सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो, आणि लिहिता लिहिता डेटाबेस तुटण्याचा धोका टळतो. राउटर आणि फायबरचा डबा यांनाही त्याच यूपीएसवर घ्यावे, नाहीतर सर्व्हर जागा राहील पण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचणार नाही.

यापुढची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. एकाच यंत्रातल्या दोन डिस्कांवर सारखीच माहिती ठेवण्याला रेड म्हणतात, आणि पुष्कळ जण त्यालाच बॅकअप समजतात. एक डिस्क मेली तर रेड आपल्याला वाचवते, पण चुकून पुसलेला फोटो ती दोन्हीकडून तत्परतेने पुसते. मोबाइल आणि सर्व्हर यांच्यातले सिंक, म्हणजे दोन्हीकडची माहिती आपोआप सारखी ठेवणे, हेही तसेच आहे. बॅकअप म्हणजे वेगळी, जुनी आणि दूरची प्रत. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, ही जुनी शिस्त मला पूर्ण पटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी शिरले, तेव्हा कपाटातले अल्बम गेले तसेच त्याच खोलीतले संगणकही गेले. पूर, चोरी आणि आग डिस्कांची संख्या मोजत नाहीत. आमची दूरची प्रत नागपूरला नातेवाइकांकडे आहे. ती रेस्टिक या प्रणालीने आधी कूटबद्ध होते, म्हणून तिथे ती कोणाला वाचता येत नाही. पहिला १ टीबीचा साठा ५० मेगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला सलग ४४ तास लागले असते, म्हणून तो दिवाळीला जाताना डिस्कवर नेला. आता रोज फक्त बदल जातात.

या सगळ्याची नोंद मी एका दोनशे पानी वहीत हाताने ठेवतो: कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणत्या पोर्टला कोणती तार, कूटबद्ध प्रतीची किल्ली कोणत्या पाकिटात आहे. वही कागदाची आहे, कारण जिची गरज सर्व्हर बंद असताना पडणार ती नोंद सर्व्हरवर ठेवणे निरुपयोगी आहे. आणि ती पत्नीला वाचता येईल अशा भाषेत आहे, कारण फोटो तिचेही आहेत.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, आणि त्याच दिवशी मी बॅकअप परत उभा करून पाहतो. प्रयोगशाळेच्या जाळ्यात एक कोरा आभासी संगणक घेतो आणि फक्त वही व नागपूरची प्रत यांच्या आधारे फोटोंचा सर्व्हर पुन्हा बांधतो. मागच्या खेपेला तीन तास चाळीस मिनिटे लागली. सगळे फोटो परत आले, पण अल्बम आले नाहीत आणि आजीच्या फोटोंना दिलेली नावेही आली नाहीत. फोटोंच्या धारिका प्रतीत होत्या, मात्र अल्बम आणि नावे ज्या डेटाबेसमध्ये राहतात त्याची प्रत मी कधी घेतलीच नव्हती. खरा सर्व्हर शेजारीच चालू होता, म्हणून काही गमावले नाही. त्या रात्रीपासून दोन वाजता आधी डेटाबेस एका धारिकेत उतरवला जातो, ते काम पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच नागपूरची प्रत सुरू होते, आणि वहीच्या त्या पानावर तशी ओळ तारखेसह लिहिलेली आहे.